साडेनऊ, आठ, चार, साडेसहा : बदलत राहणाऱ्या ऑनलाइन गेमचे गुण कसे वाचायचे

२०१३ च्या मार्चमध्ये गेमची परीक्षणं छापणाऱ्या ‘पॉलिगॉन’ या वेबसाइटने ‘सिमसिटी’ या गेमला दहापैकी ९.५ गुण दिले. मग ते ८ केले, मग ४. पुढे सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारे कंपनीचे संगणक, रुळावर आल्यावर ६.५. एकच गेम, एकच वेबसाइट, आणि थोड्याच काळात चार वेगवेगळे गुण.

हे ऐकल्यावर आमच्या यवतमाळकडचा कोणीही पोरगा म्हणेल, “पैसे खाल्ले असतीन बे, नाहीतर त्याले कायी समजत नसन.” माझं मत वेगळं आहे. ते चारही आकडे आपापल्या दिवशी बरोबर होते. ते कसे, हे कळलं तर पानठेल्यावर गेमच्या रेटिंगवरून जी तोंडातोंडी चालते, तिच्यातली बरीचशी आपोआप मिटते.

सिमसिटी हा शहर वसवण्याचा खेळ. रस्ते टाका, वीज द्या, पाणी द्या, कर लावा. २०१३ च्या आवृत्तीत कंपनीने ठरवलं की इंटरनेट जोडलेलं नसेल तर तो उघडणारच नाही. कारण सांगितलं ते असं, की शेजारची शहरं दुसरे खेळाडू वसवतील आणि एकमेकांना वीज-पाणी विकतील. समीक्षकांच्या हातात तो प्रकाशनाआधी आला. तेव्हा सर्व्हरवर मोजकीच माणसं होती, त्यामुळे सगळं झकास चाललं. साडेनऊ गुण त्या खेळाचे. ५ मार्चला अमेरिकेत तो सर्वांसाठी खुला झाला आणि सर्व्हरनी मान टाकली. पैसे मोजलेली माणसं रांगेत ताटकळत बसली, कोणाचं वसवलेलं शहरच सापडेना. भार कमी व्हावा म्हणून कंपनीने खेळातला सगळ्यात जलद वेगही काही काळ बंद केला आणि भरपाई म्हणून लोकांना दुसरा एक गेम फुकट दिला. चार गुण त्या आठवड्याचे. आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, ज्या इंटरनेटशिवाय हा खेळ चालूच शकत नाही असं सांगितलं जात होतं, त्याच खेळाला ऑफलाइन खेळायची सोय मिळाली.

पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्यासमोर ही अडचण येत नाही. त्याने वाचलेलं पान १५० तुमच्या प्रतीत बदललेलं नसतं. ऑनलाइन मल्टिप्लेअर, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायचा गेम मात्र विकत घेतला किंवा डाउनलोड केला तरी पूर्ण तुमच्याकडे येत नाही. तुमच्या फोनवर येतात ती चित्रं, आवाज आणि बटणं. कोणाची गोळी कोणाला आधी लागली, कोण मेलं, कोणाला काय बक्षीस मिळालं, याचा निवाडा दूरच्या सर्व्हरवर होतो. कंपनी दर काही आठवड्यांनी त्या निवाड्याचे नियम बदलते. एका बंदुकीचा मारा कमी होतो, नवा नकाशा येतो, जुना जातो, सीझन बदलतो, दुकानात नवे कपडे लागतात. आणि जे कंपनीच्याही हातात नसतं ते म्हणजे समोर खेळणारी माणसं. ती चांगली असली तर साधा खेळ रंगतो, ती चीटर असली तर उत्तम खेळाची माती होते.

म्हणजे समीक्षकाने गुण दिले ते एका तारखेच्या, एका आवृत्तीच्या, एका सर्व्हरवरच्या, त्याच्या हातातल्या यंत्रावरच्या खेळाला. आपण वाचताना यातलं काहीच बघत नाही, थेट आकड्याला भिडतो.

आता आपल्या गावात बसून बघू. एका चुलतभावाचं दुसऱ्याशी चाललेलं बोलणं मी ऐकलं ते असं:

“अबे, त्या फॉरेनच्यानं नऊ देले न. मंग इथं काहून अडकून राह्यला गेम?”

“त्याच्या घरी फायबर हाये. तुह्यापाशी काय हाये? टावरची एक दांडी.”

दुसऱ्याने एका वाक्यात जे सांगितलं ते नीट उलगडायला हवं. तुम्ही बटण दाबल्यापासून त्याची खबर सर्व्हरला पोचून उत्तर परत यायला जो वेळ लागतो त्याला पिंग म्हणतात, आणि तो मिलिसेकंदात मोजतात. २०० पिंग म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. ऐकायला काहीच नाही. पण समोरच्याचा पिंग ४० असेल तर तुमच्या स्क्रीनवर तो अजून भिंतीआड असतो, तेव्हा सर्व्हरच्या हिशेबात तो बाहेर येऊन तुम्हाला टिपून गेलेला असतो. तुम्ही म्हणता, गेम भंगार. तो म्हणतो, एक नंबर. दोघंही खरं बोलताय. गावात लाईन जाऊन बराच वेळ झाला आणि टॉवरची बॅटरी उतरली, की मग पिंग सोडा, गेमच सुटतो.

याहून मजेदार प्रकार हिवाळ्यात होतो. शेतीच्या बऱ्याच फीडरला आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा अशी पाळी असते. रात्रपाळीच्या आठवड्यात पोरं हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला वावरात जातात. एक बारं पाण्याने भरेपर्यंत करायचं काय, तर मोटारीच्या खोलीशी पाठ टेकून, कानटोपी घालून, फोन आडवा धरून मॅच लावायची. रात्री दोनला खऱ्या खेळाडूंची संख्या कमी असते. बॅटल रॉयल, म्हणजे शेवटचा उरेल तो जिंकला, अशा प्रकारातल्या मोबाइल गेममध्ये माणसं कमी पडली की, आणि नवशिक्यांच्या खालच्या पातळीवरही, मोकळ्या जागा बॉटने भरल्या जातात. बॉट म्हणजे संगणकाने चालवलेला खोटा खेळाडू. तो सरळ रेषेत धावत येतो, थांबतो, मग गोळी झाडतो. अशा रात्री आपला गडी पंधरा-पंधरा किल काढतो, म्हणजे तेवढे गडी मारतो, आणि सकाळी सांगतो, “लय सोपा झाला गेम आता.” संध्याकाळी आठला, भरल्या सर्व्हरवर, वरच्या रँकला खेळणाऱ्याला हे ऐकून राग येणारच. दोघं एकाच नावाच्या पण वेगळ्या खेळाबद्दल भांडतात.

समीक्षकाचंही तसंच. त्याला मुदत असते. परीक्षण प्रकाशनाच्या आसपास यायला हवं, कारण लोक तेव्हाच ते शोधतात. त्यात त्याचे पंचवीस, तीस, फार तर चाळीस तास जातात. तेवढ्यात खेळाची घडण, चित्रं, हाताला बसणारी पकड, पहिल्या पायऱ्या हे सगळं नीट कळतं आणि तिथे त्याचा शब्द मानावा. पण मल्टिप्लेअरची खरी दुखणी तीनशेव्या तासाला बाहेर येतात: तेच ते काम परत परत, पैसे टाकणाऱ्याला मिळणारा फायदा, चीटरचा सुळसुळाट, सीझन संपल्यावर रँक खाली ढकलली जाणं. पहिल्या वेच्याचा कापूस बघून शेवटी उशिरा निघणाऱ्या फरदडीचा भाव सांगता येत नाही, तसं हे. उलट ज्याने दोन हजार तास घातले त्याला पहिला तास आठवत नाही. नव्या माणसाला काय कळेनासं होतं हे तो सांगूच शकत नाही, आणि लोक मात्र त्यालाच ‘खरा जाणकार’ म्हणतात.

आता मेटाक्रिटिककडे वळू, कारण भांडणात फेकला जाणारा आकडा बहुतेक वेळा तिथला असतो. २००१ मध्ये सुरू झालेली ही जागा वेगवेगळ्या समीक्षकांचे गुण शंभराच्या मापात आणते आणि सरासरी काढते. ती साधी सरासरी नसते. कोणाच्या मताला जास्त वजन, कोणाच्या कमी, आणि ते वजन किती हे उघड केलं जात नाही. गेमसाठी ७५ आणि त्यावर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. आणि एक नियम फार महत्त्वाचा: समीक्षकाने पहिल्यांदा जे गुण दिले तेच धरले जातात, नंतर त्याने बदलले तरी तिथला आकडा हलत नाही. हा नियम वेडेपणातून आलेला नाही. कंपन्यांनी गुण वाढवून मागण्यासाठी समीक्षकांवर दबाव टाकू नये, हा त्यामागचा विचार. पण सतत बदलणाऱ्या खेळाच्या बाबतीत त्याचा परिणाम विचित्र होतो.

‘नो मॅन्स स्काय’ घ्या. ऑगस्ट २०१६ मध्ये आला. अगणित ग्रह, आणि कुठेतरी दुसरा खेळाडू भेटेल अशी आशा कंपनीच्या बोलण्यातून लोकांनी धरलेली. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी पोचले, आणि एकमेकांना दिसले नाहीत. लोक खवळले. प्लेस्टेशनवर त्याचे मेटाक्रिटिक गुण ७१ वर थांबले, संगणकावर ६१ वर. पुढे जुलै २०१८ मध्ये ‘नेक्स्ट’ या अपडेटने पूर्ण मल्टिप्लेअर आलं, त्यानंतरही अपडेट येतच राहिले, सगळे फुकट. संगणकावरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात एके काळी शिव्यांनी भरलेले खेळाडूंचे अभिप्राय २०२४ मध्ये एकूणात ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ या पायरीला पोचले. पण ७१ आणि ६१ तिथेच.

शेजारी ठेवा ‘फायनल फँटसी १४’. सप्टेंबर २०१० मध्ये हा आला तो इतका वाईट की जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली. नाओकी योशिदा यांच्या हाती कारभार दिला गेला. त्यांनी डागडुजी करता करता खेळ मुळापासून नव्याने लिहून घेतला. जुने सर्व्हर नोव्हेंबर २०१२ मध्ये बंद झाले, तेही कथेत एक चंद्र जमिनीवर पाडून, म्हणजे जुनं जग खेळाडूंच्या डोळ्यांदेखत मोडून. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रिअल्म रिबॉर्न’ या नव्या नावाने खेळ परत आला. नाव नवं म्हणून मेटाक्रिटिकवर पान नवं. जुन्या पानावर ४९, नव्यावर ८३.

दोन्ही खेळ पडले, दोन्ही सावरले. एकाच्या कपाळावर जुने गुण कायमचे राहिले आणि दुसऱ्याला कोरी पाटी मिळाली, ती फक्त नावापुढे तीन शब्द लागले म्हणून. मेटाक्रिटिकचा आकडा तोंडावर फेकणाऱ्याला एवढी गोष्ट जरूर सांगावी.

या आकड्यांमागे पैसाही असतो. ‘डेस्टिनी’ बनवणाऱ्या बंजी या कंपनीचा करार २०१२ मध्ये एका खटल्याच्या निमित्ताने बाहेर आला. त्यात होतं, की गेमरँकिंग्ज या दुसऱ्या सरासरी काढणाऱ्या ठिकाणी किमान ९० गुण मिळाले तर २५ लाख डॉलरचा बोनस. २०१४ मध्ये खेळ आला आणि गुण सत्तरीच्या घरात अडकले. तो खेळ लोकांनी पुढे वर्षानुवर्षं खेळला, ते वेगळं.

मग समीक्षकांनी दर अपडेटला गुण बदलावेत का? ‘युरोगेमर’ या वेबसाइटने २०१५ मध्ये गुण देणंच बंद केलं. त्यांच्या कारणांत एक हेही होतं, की प्रकाशनानंतर गेम बदलतात आणि ऑनलाइन गेम तर खऱ्या गर्दीत खेळल्याशिवाय कळत नाहीत. त्याऐवजी ‘शिफारस’, ‘टाळा’ अशा पाट्या आल्या. २०२३ मध्ये ते पाच ताऱ्यांवर परत आले, कारण वाचकाला शेवटी एका नजरेत काहीतरी हवं असतं. ‘आयजीएन’ ही दुसरी वेबसाइट काही मोठ्या ऑनलाइन गेमचं आधी अपुरं, चालू परीक्षण छापतं आणि सर्व्हर लोकांनी भरल्यावर पक्के गुण देतं. काही खेळांचं वर्षांनंतर दुसरं परीक्षणही करतं. मला हीच रीत पटते. जुनं परीक्षण खोडू नये. ज्याने पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली आणि रांगेत बसला, त्याच्या फसवणुकीची तेवढीच नोंद असते. ‘आता सुधारला न, मग कायले जुनं उकरता?’ असं चाहते म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. नवं परीक्षण शेजारी लावा, तारीख मोठी लिहा.

आणि ‘आता सुधारला’ म्हणणाऱ्यांचं बोलणंही जरा पारखून घ्यावं. जे कंटाळून गेले ते परत येऊन अभिप्राय लिहीत नाहीत. जे टिकले तेच बोलतात. चार-पाच वर्षांनी अभिप्राय गोड दिसू लागतात, त्यात खेळ सुधारल्याचा वाटा असतोच, पण नाराज लोक निघून गेल्याचाही असतो. त्यात ज्याने स्किनवर, म्हणजे गेममधल्या कपड्यांवर, चार पैसे घातलेत त्याला आपला खेळ वाईट म्हणवत नाही.

खेळाडूंच्या अभिप्रायांत दुसरी गंमत असते ती लाटेची. सगळे मिळून एकाच वेळी एक तारा देतात, त्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. आपल्याकडे याचा मोठा अनुभव गेममध्ये नव्हे तर २०२० च्या मे महिन्यात टिकटॉकवर आला. यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्या भांडणात लोकांनी प्ले स्टोअरवर टिकटॉकचं रेटिंग साफ झोपवलं आणि मग गूगलने लाखो अभिप्राय पुसले. गेममधलं उदाहरण ‘फौ-जी’चं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, त्याच सुमारास या भारतीय गेमची घोषणा झाली, आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. लोकांना पबजीची जागा हवी होती. मिळाली गलवान खोऱ्यातली एकट्याने खेळायची मोहीम, मल्टिप्लेअर नंतर. रेटिंग काही दिवसांतच घसरलं. ते एक-एक तारे त्या गेमला कमी आणि नसलेल्या पबजीला जास्त होते, असं माझं वाचन.

पण प्रत्येक लाट उथळ नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला ‘हेलडायव्हर्स २’ लोकांनी डोक्यावर घेतला. मे महिन्यात सोनीने सांगितलं, स्टीमवर खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशनचं खातं जोडलंच पाहिजे. जगातल्या अनेक देशांत असं खातं अधिकृतपणे उघडताच येत नाही, पण तिथल्या लोकांना गेम मात्र विकलेला होता. दोन लाखांहून जास्त नकारात्मक अभिप्राय पडले आणि काही दिवसांत सोनीने माघार घेतली. खेळातली एक गोळीही बदलली नव्हती. तरी तो राग विषयाला धरून होता, कारण उद्या गेम उघडणार की नाही हाच प्रश्न होता. समीक्षकांचे चांगले गुण तेव्हाही तसेच होते, आणि तेही चुकीचे नव्हते.

स्टीमने यावर बऱ्या युक्त्या केल्या. २०१६ पासून एकूण अभिप्रायांसोबत गेल्या ३० दिवसांचे वेगळे दिसतात, लिहिणाऱ्याने किती तास खेळलं तेही दिसतं, २०१७ पासून अभिप्राय कधी कसे पडले याचा आलेख दिसतो. पण आपल्याकडे संगणकावर खेळणारे थोडे, बाकी सगळा कारभार फोनवर. प्ले स्टोअरवर तुम्हाला दिसणारं रेटिंग २०२१ च्या अखेरपासून तुमच्या देशातल्या लोकांचं असतं, आणि ताज्या मतांना त्यात जास्त वजन असतं. तरी देश म्हणजे पुण्या-मुंबईचं फायबर आणि आपली दांडी, दोन्ही एकाच टोपल्यात. बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतासाठीची आवृत्ती, तिचं तर आणखी वेगळं: २ जुलै २०२१ ला आला, जुलै २०२२ च्या अखेरीस दुकानातून गेला, मे २०२३ मध्ये परतला. मधल्या महिन्यांत तो दुकानातच नव्हता.

म्हणून परीक्षण वाचताना मी आकडा शेवटी बघतो. आधी तारीख. मग त्याने खेळ प्रकाशनाआधी खेळला की लोकांच्या गर्दीत. मग मजकुरात सर्व्हरबद्दल, चीटरबद्दल, पैशांबद्दल काय आहे. अपडेट किती जीबीचा, हे तर कोणीच लिहीत नाही. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या माणसाला ती पहिली माहिती हवी. एक अपडेट आला की तो दिवस गेला, आणि अर्ध्यात नेट तुटलं तर दुसराही.

ती माहिती आपणच लिहायला हवी. आमच्याकडच्या पोरांचे प्ले स्टोअरवरचे अभिप्राय मी वाचतो, बहुतेक ‘मस्त’ नाहीतर ‘भंगार’ इथेच संपतात. एका ओळखीच्या पोराला म्हटलं, जरा नीट लिही. त्याने लिहिलं ते जसंच्या तसं देतो: “४ जीबी रॅमचा फोन हाये. नवीन अपडेटनंतर दुपारी बरा चालते, पिंग ७० च्या आसपास. संध्याकाळी सातनंतर १८० वर जाते न गेममधल्या गाडीत बसलं का अडकते. रँक खेळू नका, टीम डेथमॅच चालते. तीन तारे.”